उपक्रमामुळे किती, आणि एरवीही किती

वाचनवर्गाचा वार्षिक अहवाल बहुधा एका वाक्यावर येऊन थांबतो: जूनमध्ये इतक्या मुलांना परिच्छेद वाचता येत होता, मार्चमध्ये तितक्यांना येतो, म्हणून वर्ग यशस्वी. यातले आकडे खरे असतात आणि मुलंही खरोखरच पुढे गेलेली असतात. पण त्या नऊ महिन्यांत शाळेतले गुरुजी-बाई शिकवतच होते, मुलं वयानं वाढत होती, काही मुलं गाव सोडून गेली, काही नवी आली. वर्गामुळे किती झालं आणि वर्ग नसता तरी किती झालं असतं, हे त्या वाक्यातून कळायला वाव नाही.

ते कळायला हवं, कारण मुलाचा रोजचा एक तास त्यात जातो. वर्गाचा उपयोग होत नसेल तर तो तास दुसऱ्या कामी लागला पाहिजे, आणि होत असेल तर शेजारच्या गावातल्या मुलांनाही तो मिळाला पाहिजे. पुढची कृती सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळा डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. समजा, एका स्थानिक संस्थेकडे १२ शाळांत तिसरी ते पाचवीसाठी रोज तासभर वाचनवर्ग चालवण्याइतकी माणसं आहेत. या कामाला संख्याशास्त्रज्ञ लागत नाही. पटाची यादी, चाचणीचे कागद, एक जाड वही, साधा कॅल्क्युलेटर आणि वर्गाशी काही संबंध नसलेली चार-पाच माणसं एवढ्यावर भागतं. मात्र कामाचा मोठा भाग जूनच्या आधीच उरकावा लागतो. मार्चमध्ये कितीही हुशारीनं हिशोब केला तरी जूनमध्ये राहून गेलेली तुलना परत आणता येत नाही.

पायरी पहिली: काय मोजणार ते आधी लिहून ठेवा

एका कागदावर एकच मुख्य प्रश्न लिहा. उदाहरणार्थ: “वर्ग असलेल्या शाळांतल्या मुलांची वाचनपातळी जून ते मार्च जेवढी वाढली, ती वर्ग नसलेल्या शाळांपेक्षा जास्त का?” तारीख घाला, सह्या करा आणि एक प्रत केंद्रप्रमुखांकडे देऊन ठेवा.

याची गरज अशी. मार्चमध्ये आकडे हाती आले की ते वेगवेगळ्या तऱ्हेनं मांडून बघायचा मोह होतो. मुलगे वेगळे, मुली वेगळ्या, प्रत्येक इयत्ता वेगळी, किनाऱ्यावरच्या शाळा आणि आतल्या शाळा वेगळ्या, वाचन, लेखन, वजाबाकी, हजेरी. अशा २० तुलना सहज होतात. वर्गाचा कशावरच काही परिणाम झालेला नसला आणि तुलना एकमेकींपासून स्वतंत्र असल्या, तरी नेहमीच्या ‘शंभरात पाच’ या कसोटीवर २० पैकी निदान एक तुलना नुसत्या योगायोगानं ‘लक्षणीय’ ठरण्याची शक्यता ६४ टक्के असते. मग अहवालात छापलं जातं, की चौथीच्या मुलींना विशेष लाभ झाला. लिहिणाऱ्याचा फसवायचा हेतू नसतो. त्यानं १९ रिकामी खोकी बाजूला ठेवून विसावं दाखवलेलं असतं, इतकंच. बाकीच्या तुलना जरूर करा, पण त्या ‘नंतर सुचलेल्या’ अशा वेगळ्या मथळ्याखाली लिहा.

पायरी दुसरी: मोजपट्टी निवडा

उत्तीर्णांची टक्केवारी ही या जिल्ह्यात मोजपट्टी म्हणून चालत नाही. कोकण विभागीय मंडळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे येतात आणि दहावीच्या निकालात हे मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पहिलं असतं. २०२४ मध्ये कोकणाचा निकाल ९९.०१ टक्के होता, राज्याचा ९५.८१. २०२५ मध्ये ९८.८२ आणि ९४.१०. या आकड्यांचा अभिमान वाटणं साहजिक आहे. पण जिथे शंभरातली नव्व्याण्णव मुलं उत्तीर्ण होतात तिथे कोणताही उपक्रम आणखी किती उंच नेणार? पट्टी वरच्या टोकाला संपलेली आहे. २०२१ मध्ये कोरोनामुळे लेखी परीक्षा झालीच नाही. अंतर्गत मूल्यमापनावर राज्याचा निकाल ९९.९५ टक्के आणि कोकणाचा १०० टक्के लागला. २०१९ आणि २०२१ शेजारी ठेवून कोणी एखाद्या उपक्रमाचं यश सांगू लागला, तर तो बदललेल्या परीक्षेचं यश सांगतो आहे.

शिष्यवृत्ती परीक्षेतही अडचण आहे, फक्त वेगळी. तिला कोणाला बसवायचं हे शाळाच ठरवते. एका शाळेनं चार निवडक मुलं बसवली आणि दुसरीनं वर्गातली सगळी बसवली, तर दुसरीची टक्केवारी खालीच येणार, तिथलं शिकवणं कितीही चांगलं असो.

लहान इयत्तांच्या वाचनासाठी ‘असर’ या शैक्षणिक पाहणीतली मोजणी सोयीची आहे. प्रथम संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून ती देशभर वापरली जाते. मुलाला एकेकटं बसवून आधी परिच्छेद वाचायला द्यायचा. तो सहज वाचला तर पुढे गोष्ट द्यायची. अडला तर शब्द, शब्दही जमले नाहीत तर अक्षरं. पाच शब्दांपैकी चार बरोबर आले तर ‘शब्द’ पातळी. नोंदीसाठी ० ते ४ अंक द्या: ० म्हणजे अक्षरही नाही, १ अक्षर, २ शब्द, ३ परिच्छेद, ४ गोष्ट. पाचवीतली बरीच मुलं जूनमध्येच ४ वर असतील, तर त्यांच्यासाठी गोष्टीखाली आशय विचारणारे दोन-तीन प्रश्न वाढवा. नाहीतर तीही पट्टी टोकाला टेकेल.

पाचही पातळ्यांची नोंद ठेवाच. ‘परिच्छेद येणारी मुलं’ एवढाच आकडा ठेवला, तर शब्द वाचणाऱ्या, उंबरठ्यावर उभ्या मुलांवर सगळा जोर जातो आणि ज्याला अक्षरच येत नाही तो मागच्या बाकावर तसाच राहतो. ते मूल ० वरून २ वर गेलं, तरी त्या आकड्यात ते दिसतही नाही.

जूनचा आणि मार्चचा परिच्छेद वेगवेगळा असावा, पण तोलाचा सारखा. आणि चाचणी घेणाऱ्याला मुलांशी मालवणीत दोन शब्द बोलता यायला हवेत. वाचायचा मजकूर प्रमाण मराठीतच राहील, पण परक्या माणसानं पुस्तकी सुरात हुकूम सोडला तर घरी मालवणी बोलणारी मुलगी मान खाली घालून गप्प बसते आणि तिच्या नावापुढे ० पडतं. तिलाच “चेडवा, ह्यां वाच बघया” म्हटलं की ती परिच्छेद वाचून जाते. तो शून्य तिच्या वाचनाचा नव्हता.

पायरी तिसरी: तुलनेच्या शाळा चिठ्ठ्या टाकून ठरवा

सगळी कृती या पायरीवर उभी आहे.

आधी, वर्ग हवा असलेल्या शाळांची यादी करा. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची लेखी संमती घ्या. आचरा, तळाशीलपासून देवबागपर्यंत आणि आत मसुरे, पोईप, कट्टा, चौक्यापर्यंत फिरून अशा २४ शाळा मिळवा. वर्ग यांतल्या १२ शाळांत चालेल, उरलेल्या १२ शाळांना तो पुढच्या वर्षी मिळेल. इच्छुक शाळांना वर्ग देऊन अनिच्छुक शाळांशी तुलना करायची नाही. वर्ग मागून घेणारी शाळा मुळातच धडपडी असते आणि तिची मुलं वर्गाशिवायही थोडी पुढे जातात.

मग जोड्या लावा. पट जवळपास सारखा, शिक्षकांची संख्या सारखी, दोन्ही किनाऱ्यावरच्या किंवा दोन्ही आतल्या, अशा दोन-दोन शाळांच्या १२ जोड्या. प्रत्येक जोडीतून एक चिठ्ठी काढा. हे काम केंद्राच्या शिक्षण परिषदेत, सगळ्यांसमोर करा आणि निकालावर सह्या घ्या. ‘अमुक शाळेला गरज जास्त आहे, तिला आधी देऊ’ असा आग्रह होईल. तो मनापासूनचा असेल, पण एकदा तो मानला की गरजू शाळा एका बाजूला आणि बऱ्या शाळा दुसऱ्या बाजूला जातात आणि तुलनाच संपते. माणसं १२ शाळांपुरतीच आहेत. त्यामुळे या वर्षी कोणाला तरी थांबावं लागणारच. थांबणाऱ्यांची नावं ओळखीपाळखीनं ठरण्यापेक्षा चिठ्ठीनं ठरणं न्यायाचंही आहे.

थांबायला कोणी तयार नसेल तर एक तोड आहे आणि तिला मोठा आधार आहे. २००१ ते २००३ या काळात प्रथमनं मुंबईत आणि वडोदऱ्यात ‘बालसखी’ उपक्रम चालवला. वस्तीतलीच एक तरुणी महापालिका शाळेतली तिसरी-चौथीची मागे पडलेली १५-२० मुलं रोज दोन तास वेगळी बसवून शिकवायची. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी त्याचा अभ्यास केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वडोदऱ्यात त्यांनी निम्म्या शाळांना बालसखी तिसरीसाठी दिली आणि उरलेल्या निम्म्यांना चौथीसाठी. एकही शाळा रिकाम्या हातानं परतली नाही आणि प्रत्येक इयत्तेला तुलनेचा गटही मिळाला. मालवणात हे सहज करता येईल. मात्र जिथे एकच शिक्षक तिसरी-चौथी एका खोलीत बसवतो, तिथे एका इयत्तेचं शिकवणं दुसरीच्या कानावर पडतंच. अशा शाळांसाठी जोड्याच बऱ्या.

केंद्रातल्या शाळांचे शिक्षक दर महिन्याला भेटतात आणि चांगली गोष्ट एकमेकांना दाखवतात. ती थांबवावी असं मला वाटत नाही. वर्गातले तक्ते आणि कार्डं वर्षभर बाहेर देऊ नका, एवढी विनंती करा आणि कोणी काय नेलं याची नोंद ठेवा. थोडी उसनवारी झालीच तर वर्गाचा परिणाम आहे त्यापेक्षा कमी दिसेल. या बाजूची चूक परवडते.

पायरी चौथी: मागे पडलेली मुलं निवडायची असतील तर दोनदा तपासा

वर्ग सगळ्यांसाठी नसून फक्त कच्च्या मुलांसाठी असेल, तर इथे सर्वांत मोठा चकवा आहे. फ्रान्सिस गाल्टननं १८८६ मध्ये आई-वडील आणि मुलांच्या उंचीच्या अभ्यासात तो दाखवला. फार उंच आई-वडिलांची मुलं सरासरीच्या थोडी जवळ येतात, फार बुटक्यांचीही येतात. टोकाचं काहीही दुसऱ्यांदा मोजलं की मध्याकडे सरकलेलं दिसतं.

शाळेत ते असं घडतं. जूनच्या चाचणीत १० मुलं ‘अक्षर’ किंवा त्याखाली निघाली. त्यातली काही खरोखरच तिथे आहेत. पण एकाला त्या दिवशी ताप होता, एक परक्या माणसाला बिचकला, एकीला नेमकी जोडाक्षरं भरलेली ओळ आली. आठवड्यानं पुन्हा विचारलं तर ही तिघं काही न शिकवता वर जातील. वर्ग मध्ये झाला असेल तर श्रेय वर्गाला जाईल. वरच्या टोकाच्या मुलांचं याच्या उलट होतं. जूनमध्ये नशिबानं सोपा परिच्छेद मिळालेलं मूल मार्चमध्ये खाली आलेलं दिसतं आणि ‘हुशार मुलांकडे दुर्लक्ष झालं’ अशी तक्रार उभी राहते.

म्हणून पहिल्या चाचणीवर निवड करा, आठ दिवसांनी दुसरी चाचणी घ्या आणि जूनची पातळी म्हणून दुसऱ्या चाचणीचा आकडा धरा. निवडीत शिरलेला योगायोग यामुळे बहुतेक गळून पडतो. दोन्ही गटांच्या शाळांत नेमकं असंच करा. तुलनेच्या शाळेतही कच्च्या मुलांची यादी बनली पाहिजे, कारण मध्याकडे सरकणं तिथेही तेवढंच होणार आणि वजाबाकीत ते निघून जाणार.

पायरी पाचवी: शाळा मोजा, मुलं नव्हे

अहवालात ‘३६० मुलांवर अभ्यास’ असं लिहिलं की भारदस्त वाटतं. पण शितावरून भाताची परीक्षा करताना सगळी शितं एकाच टोपातली असतील, तर ती त्या एका टोपाबद्दलच सांगतात. एका शाळेतली १५ मुलं त्याच बाईंकडे शिकतात, त्याच वाडीतून येतात, पावसात त्याच साकवावरून शाळेत पोचतात. शाळाशाळांमधला फरक मुलांमधल्या एकूण फरकाचा पाचवा हिस्सा असेल, तर २४ शाळांतल्या प्रत्येकी १५ मुलांची माहिती ही सुट्या-सुट्या निवडलेल्या ९५ मुलांएवढीच भरते. हिशोब सोपा आहे: १४ गुणिले ०.२, अधिक १, म्हणजे ३.८. ३६० भागिले ३.८.

यावरून निघणारा नियम कडक आहे. एका शाळेत वर्ग घेतला, शेजारच्या शाळेत घेतला नाही आणि दोघींची तुलना केली, तर मुलं कितीही असोत, तुमच्याकडे एकच जोडी आहे. त्या वर्षी एका शाळेतले शिक्षक बदलीवर गेले असतील, तर फरक वर्गाचा की बदलीचा हे कोणालाच सांगता येणार नाही. शिक्षकांच्या बदल्या होतच राहतात. त्या नोंदवा, पण बदली झाली म्हणून शाळा गाळू नका.

लहान पटाचा मुद्दा सिंधुदुर्गात फार जवळचा आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. चौथीत ८ मुलं असतील, तर एका मुलानं टक्केवारी साडेबारानं हलते. समजा, सगळ्या शाळांचं शिकवणं अगदी सारखं आहे आणि प्रत्येक मुलाची परिच्छेद वाचण्याची शक्यता निम्मी आहे. तरीही ८ मुलांच्या वर्गाचा आकडा ५० च्या आजूबाजूला १८ टक्क्यांनी इकडे-तिकडे होणं नेहमीचंच. ५० मुलांच्या वर्गाचा फक्त ७ टक्क्यांनी होतो. त्यामुळे तालुक्याची क्रमवारी लावली की वरच्या टोकाला लहान शाळा दिसतात आणि खालच्या टोकालाही लहान शाळाच.

अमेरिकेत हे फार महागात पडलं. सर्वोत्तम शाळांच्या यादीत लहान शाळा जास्त दिसतात, हेही एक कारण धरून गेट्स फाउंडेशननं २००० नंतर लहान माध्यमिक शाळा उभारण्यावर अब्जावधी डॉलर खर्च केले आणि पुढे धोरण बदललं. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञानं पेन्सिल्वेनियातल्या १,६६२ शाळांचे आकडे तपासून दाखवलं, की पहिल्या ५० शाळांत लहान शाळा वाट्यापेक्षा चौपट होत्या. तळाच्या ५० शाळांतही त्या वाट्यापेक्षा जास्तच होत्या.

आपल्याकडे वारं उलट दिशेनं वाहतं. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा समूह शाळेत मिळवण्याची चर्चा २०२३ मध्ये राज्यभर झाली. अशा वेळी एका वर्षाचा एक आकडा घेऊन एखाद्या वाडीतल्या शाळेला ‘मागास’ ठरवणं अन्यायाचं आहे. लहान शाळेबद्दल बोलायचं तर तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र करा. एका शाळेचा निकाल जाहीर सभेत वाचून दाखवू नका, चांगला असला तरी नको. पुढच्या वर्षी तो त्याच योगायोगानं खाली येईल आणि त्याचा दोष बाईंवर येईल.

पायरी सहावी: चाचणीचा आठवडा आणि गळालेली मुलं

दोन्ही गटांच्या शाळांत चाचणी एकाच आठवड्यात घ्या. जूनची चाचणी शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात. सुट्टीत वाचन मागे पडतं, त्यामुळे एका गटाची एप्रिलमध्ये आणि दुसऱ्याची जूनमध्ये घेतली तर फरक सुट्टीचाच येईल. मधली चाचणी घ्यायची तर चतुर्थीच्या आसपास नको. घरी चाकरमानी आलेले असतात, हजेरी विस्कळीत असते. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख ठरलेल्या तिथीला नसते, देवीच्या कौलानं ठरते. ती जाहीर झाल्यावरच फेब्रुवारी-मार्चचं वेळापत्रक कायम करा.

चाचणी वर्ग चालवणाऱ्यांनी घ्यायची नाही. डी.एल.एड.चे विद्यार्थी किंवा दुसऱ्या तालुक्यातले शिक्षक आणा आणि कोणत्या शाळेत वर्ग होता हे त्यांना सांगू नका. मुलांना पडवीत बसवा, म्हणजे भिंतीवरचे तक्ते बघून परीक्षकाला ओळखता येणार नाही. ज्यानं वर्षभर जीव तोडून शिकवलं त्याला अडखळणारं वाचनही सहज वाटतं. त्याच्यावर अविश्वास दाखवायचा नाही, पण तो भार त्याच्यावर टाकायचाही नाही.

आता गळती. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बाहेरून येणाऱ्या खलाशांची कुटुंबं हंगाम सुरू झाला की येतात. आंब्याच्या बागांत राखणीला राहिलेली नेपाळी कुटुंबंही हंगामाप्रमाणे हलतात. त्यामुळे जूनच्या यादीतली काही मुलं मार्चमध्ये नसतात आणि मार्चमध्ये दिसणारी काही जूनमध्ये नव्हती. बहुतेक अहवाल ‘उपस्थित मुलांची सरासरी’ देऊन मोकळे होतात. त्यात काय घडतं बघा. एका शाळेत १० मुलं, त्यांच्या पातळ्या ०, ०, १, १, २, २, ३, ३, ४, ४. सरासरी २. ‘०’ वाली दोन मुलं गावाला गेली. उरलेल्या आठांची सरासरी २.५. कोणीही एक अक्षर जास्त शिकलं नाही आणि शाळा अर्ध्या पातळीनं वर गेली.

म्हणून जूनची यादी हीच शेवटपर्यंतची यादी. नंतर आलेल्या मुलांना वर्गात जरूर बसवा, त्यांच्यावर कष्ट घ्या, पण हिशोबात धरू नका. मार्चमध्ये जे मूल शाळेत नसेल त्याच्या घरी रविवारी जाऊन चाचणी घ्या. ‘असर’ची पाहणी मुळात घरोघरी जाऊनच होते आणि त्याचं एक कारण हेच, की शाळेत घेतलेल्या चाचणीत गैरहजर मूल कायमचं अदृश्य राहतं. तरीही जी सापडणार नाहीत त्यांची संख्या आणि जूनची पातळी दोन्ही गटांसाठी शेजारी-शेजारी लिहा. मग हिशोब दोनदा करा: एकदा ही मुलं जूनच्याच पातळीवर राहिली असं धरून, एकदा ती दोन पातळ्या वर गेली असं धरून. दोन्ही वेळा निष्कर्ष तोच आला तर गळतीची चिंता नको. उलटला, तर तसं अहवालात लिहा.

पायरी सातवी: हिशोब

प्रत्येक मुलाची मार्चची पातळी वजा जूनची पातळी. त्याची शाळेची सरासरी. मग प्रत्येक जोडीत वर्ग असलेल्या शाळेतून वर्ग नसलेली वजा. हाती १२ आकडे येतील.

चिठ्ठीत जी शाळा वर्गाच्या बाजूला आली ती शेवटपर्यंत त्याच बाजूला. एखाद्या शाळेतली शिकवणारी ताई दिवाळीनंतर पर्यटनाच्या हंगामात होमस्टेच्या कामाला लागली आणि वर्ग दोन महिन्यांतच बंद पडला, तरीही. ‘जिथे वर्ग नीट चालला तिथलेच आकडे घेऊ’ म्हणालात की चांगल्या चाललेल्या, म्हणजे बहुधा आधीच चांगल्या असलेल्या शाळा उरतात. मुंबईच्या बालसखी अभ्यासातही नेमून दिलेल्या काही शाळांत बालसखी पोचलीच नव्हती. संशोधकांनी त्या शाळा तरीही बालसखीच्याच गटात मोजल्या. वर्ग बंद पडणं हाही उपक्रमाचाच भाग आहे. पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यातही तो बंद पडू शकतो.

आता १२ पैकी किती आकडे अधिक चिन्हाचे आहेत ते बघा. वर्गाचा काहीच परिणाम नसेल तर प्रत्येक जोडीचं चिन्ह नाणं उडवल्यासारखं पडेल. १२ नाणी पडण्याच्या ४,०९६ तऱ्हा आहेत. त्यात १० किंवा जास्त छाप येण्याच्या ७९, म्हणजे शंभरात जेमतेम दोन. तुमच्या १० जोड्या अधिक निघाल्या तर योगायोगाचं स्पष्टीकरण फारसं टिकत नाही. ९ निघाल्या तर २९९ तऱ्हा, शंभरात सात. ८ निघाल्या तर शंभरात १९, आणि त्यावर काही ठाम बोलता येत नाही.

मग फरक किती मोठा, ते. १२ आकड्यांची सरासरी काढा आणि कॅल्क्युलेटरवर त्यांचं प्रमाण विचलन. विचलनाला ३.४६ नं (म्हणजे १२ च्या वर्गमुळानं) भागा आणि २.२ नं गुणा. समजा सरासरी ०.३० पातळी आणि विचलन ०.४५ आलं. तर उत्तर ०.३० च्या दोन्ही बाजूंना ०.२९, म्हणजे ०.०१ ते ०.५९. अहवालात हे दोन्ही टोकांचे आकडे लिहा. वर्गाचा परिणाम नगण्य असू शकतो किंवा अर्ध्या पातळीहून जास्तही असू शकतो, आणि एवढ्या शाळांतून याहून नेमकं कळत नाही. नुसतं ‘०.३० पातळी वाढ’ असं लिहिणं म्हणजे नसलेली खात्री विकणं.

वाचणाऱ्याला अंदाज यावा म्हणून सांगतो. बालसखीचा परिणाम पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन (इथे मुलांच्या गुणांचं, वरच्या १२ आकड्यांचं नव्हे) एवढा होता, आणि शिक्षणक्षेत्रात तो चांगला मानला जातो. असा फरक २४ शाळांत हाती लागेलच असं नाही. म्हणून शक्य असेल तर देवगड आणि वेंगुर्ल्यातल्या संस्थांना बरोबर घ्या आणि तोच प्रश्न, तीच चाचणी, तीच चिठ्ठ्यांची रीत ठेवून जोड्या वाढवा. फरक दिसला नाही, तर ‘वर्गाचा उपयोग नाही’ असंही लिहू नका. टोकाचे आकडे फार लांब असतील तर ‘अजून कळलेलं नाही’ हेच खरं उत्तर आहे.

टक्केवारी देताना सांभाळा. २० टक्क्यांवरून ३० वर गेलेली मुलं कोणी ‘५० टक्के वाढ’ म्हणून छापतो. २० आणि ३० दोन्ही आकडे द्या, वाचणारा वजाबाकी करतो.

पायरी आठवी: वर्षानं पुन्हा

बालसखी बंद झाल्यावर वर्षभरानं त्या मुलांना पुन्हा तपासलं, तेव्हा परिणाम ०.१ प्रमाण विचलनाच्या आसपास उतरला होता. मार्चमध्ये दिसलेली वाढ पुढच्या मार्चपर्यंत टिकते का, हे बघितल्याशिवाय उपक्रमाची किंमत ठरवता येत नाही. अडचण अशी, की तुलनेच्या शाळांना दुसऱ्या वर्षी वर्ग द्यायचं तुम्ही कबूल केलं आहे आणि ते पाळायचंच आहे. तो द्या, पण फक्त तिसरी आणि चौथीला. म्हणजे पहिल्या वर्षी चौथीत असलेली आणि आता पाचवीत गेलेली मुलं दोन्ही गटांत वर्गाविना राहतात आणि त्यांची तुलना शाबूत राहते. पहिल्या वर्षीच्या शाळांतही त्या पाचवीला दुसऱ्यांदा वर्ग देऊ नका. थांबणाऱ्या शाळांच्या संमतिपत्रात ‘दुसऱ्या वर्षी तिसरी-चौथीसाठी’ हे शब्द सुरुवातीलाच घाला. चौथीनंतर काही मुलं गावातली शाळा सोडून कट्टा, मालवण किंवा कुडाळच्या हायस्कुलात जातील. शाळा सोडल्याचा दाखला नेताना ती कुठे चालली ते मुख्याध्यापकांना विचारून वहीत लिहून ठेवा आणि पालकांचा फोन नंबर त्याच दिवशी घ्या.